आम्हाला जरा थांबवून ठेवा

आदरणीय राजरत्नदादा यांस,
सविनय जयभीम.

मी, बुद्धभूषण भिमाजी वाव्हळ, बी.कॉम., राहणार पिंपळवंडी, तालुका जुन्नर, येथील दूध संस्थेचा सचिव, विहार समितीचा चिटणीस आणि आपला सख्खा चुलतभाऊ, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनी विहाराच्या नव्या सभागृहाचे उद्घाटन आहे. त्या दिवशी आपण गावी यावे आणि मंचावर बसून माझ्या काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत, एवढीच विनंती आहे. (मी कोण हे आपणास सांगण्याची गरज नव्हती, हे मला मान्य आहे. वरील ओळी खांद्यावरून वाचून माझ्या पत्नीने, यशोधरेने, विचारले, "भावाला पत्र लिव्हताय का कोर्टाची नोटीस धाडताय?" परंतु या पत्राची प्रत समितीच्या दप्तरात राहणार असून, पुढेमागे ती वाचणाऱ्यास आपण दोघे एकमेकांचे कोण लागतो हे समजले पाहिजे.)

प्रथम क्षेमकुशल. आपली पाठदुखी, वहिनींचा रक्तदाब आणि आपल्या गोरेगावच्या इमारतीची लिफ्ट या तिन्ही गोष्टी आता ताळ्यावर आल्या असतील अशी आशा आहे. इकडे पाऊस पुरेसा झाला, येडगावचे धरण भरले, टोमॅटोला भाव नाही, आणि भाव नसल्यामुळे बैठकांना उपस्थिती उत्तम आहे. आपल्या मातोश्री जानकाबाई, म्हणजे माझ्या काकू, यांच्या गुडघ्यांनी मुंबईचा प्रवास आता कायमचा नाकारला आहे. बाकी प्रकृती चांगली आहे. मुलगा काय करतो असे कोणी विचारले की त्या "गाण्यातलं काम हाय" असे सांगतात, आणि "कंचं गाणं?" असे पुढे विचारले की समोरच्याला चहा घेणार का असे विचारतात. त्यामुळे आमच्याकडे चहापत्ती फार लागते. आपण मागच्या वेळी येऊन गेलात तेव्हा गाडीचे इंजिन बंद केले नव्हते, हे त्यांनी कोणाजवळ बोलून दाखवलेले नाही. मीही दाखवत नाही. केवळ नोंद करतो.

आता मूळ विषय. उद्घाटनाला गावच्या एखाद्या कर्तबगार माणसाची प्रकट मुलाखत ठेवावी असे ठरले, तेव्हा मी आपले नाव सुचवले. अध्यक्ष नानासाहेब (आपल्या वर्गातले, केस काळे करणे सोडल्यामुळे आता आपणास ओळखू येणार नाहीत) म्हणाले, "राजाचं एखादं गाणं सांग की." मी सांगितले की राजरत्नदादा गाणी करत नाहीत. "मग पिच्चर सांग." मी सांगितले की ते चित्रपटही करत नाहीत. यावर सदस्यांनी एकमेकांकडे जसे पाहिले ते मला इतिवृत्तात मांडता आले नाही. मग मी उभा राहून आपला व्यवसाय शास्त्रशुद्ध समजावला. आपण संगीत आधी करून ठेवता. ते कशासाठी लागेल हे त्या वेळी कोणालाच ठाऊक नसते. एक कंपनी ते प्रकारवार लावून ठेवते, आणि ज्यांना जाहिरातीमागे, माहितीपटामागे, मालिकेतल्या स्वयंपाकघरामागे किंवा सरकारी सूचनेमागे काहीतरी वाजायला हवे असते, ते येऊन त्यातले निवडून नेतात. संगीतकाराचे नाव कोठेही येत नाही. म्हणजे महाराष्ट्रात असे एकही घर नसेल की जेथे आपण वाजला नाहीत, आणि असे एकही घर नाही की जेथे आपणास कोणी ओळखते. नानासाहेबांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "म्हंजी मंडपवाल्यासारखं. खुर्च्या ह्याच्या, लगीन दुसऱ्याचं." मी ही तुलना इतिवृत्तात घेण्यास नकार दिला. घरी येईपर्यंत तिच्यात चूक शोधली. सापडली नाही.

समितीसमोर दुसरेही एक नाव होते. आळेफाट्याकडचा एक तरुण नट सध्या एका मालिकेत पोलीस निरीक्षकाच्या गाडीचा चालक आहे. तो दार उघडून "साहेब, निघायचं?" एवढे विचारतो. त्याचा चेहरा दिसतो, हा त्याचा आपल्यावरचा एकमेव वरचढपणा. परंतु समितीला तो पुरेसा वाटू लागला होता. अखेर असे ठरले की, आपले संगीत गावाने ऐकलेले आहे हे मी पुढील बैठकीत सिद्ध करावे, मग पाहू.

पुराव्यासाठी मी प्रथम बिबट्याच्या गाडीमागे गेलो. आपण येथे नसता म्हणून खुलासा करतो. हल्ली बिबट्यांपासून सावध करणारी एक गाडी भोंगा लावून गावोगाव फिरते. मुले एकटी सोडू नका, उसात वाकून बसू नका, अंधार पडल्यावर घोळक्याने जा, असे एक गृहस्थ सांगत असतात, आणि त्यांच्या मागे बारीक आवाजात पेटी आणि बासरी वाजते. ती गाडी प्रथम दूध संस्थेसमोरून गेली तेव्हा मी कॅन मोजत होतो, आणि माझी मोजणी चुकली. (माझी मोजणी चुकत नाही.) त्या पेटीवरचा हात मी ओळखला. अडचण एवढीच की ते गृहस्थ श्वास न घेता बोलतात. दोन वाक्यांच्या फटीतून पेटी दिसते न दिसते तोच पुढचा बिबट्या येतो. म्हणून मी एका हातात मोबाईल धरून स्कूटरने त्या गाडीच्या मागे येडगावच्या अलीकडपर्यंत गेलो. तेथे गाडी थांबली आणि चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढून विचारले, "पावणं, कुठं दिसला?"

मी विचारले, कोण.

"बिबट्या, राव. लांबनं मागं लागलाय तुमी. आमी म्हणलं ह्यांनी पाह्यला."

मी त्याला शांतपणे सांगितले की मला बिबट्या दिसलेला नाही, मी फक्त पेटी ऐकत आहे, आणि सूचना देणारे गृहस्थ दोन वाक्यांमध्ये थोडे थांबले तर माझी सोय होईल. तो म्हणाला की ते गृहस्थ गाडीत नसतात, नुसता आवाज असतो. एवढ्यात शेजारच्या मळ्यातून माणसे काठ्या घेऊन धावत आली. त्यांनाही मी पेटीचे कारण सांगितले. त्यावर त्यांच्यातला एक दुसऱ्याला म्हणाला, "लई घाबरलाय. बसवा त्येला, पानी द्या." मी पाणी प्यायलो, कारण नाही म्हटल्यास ते आणखी काळजीत पडले असते. संध्याकाळी पारगावच्या साखर कारखान्यावरून मेहुण्याचा फोन आला की बिबट्या माझ्या स्कूटरमागे येडगावपर्यंत पळत आला हे खरे काय. मी दूध संस्थेच्या फलकावर लेखी खुलासा लावला. तोपर्यंत ज्यांचा विश्वास बसला नव्हता, त्यांचाही तो वाचून बसला. मोबाईलवरच्या मुद्रणात फक्त स्कूटर आली होती.

त्याच दिवशी मी आपणास फोन करून विचारले होते की बिबट्याच्या गाडीवरचे संगीत आपलेच ना. आपण म्हणालात, "असेल बाबा. आठवत नाही." येथे माझा पहिला प्रश्न उपस्थित होतो. माणसाला स्वतःची चाल आठवत नाही हे कसे होते? मला संस्थेतील प्रत्येक म्हैस मालकाच्या नावासह आठवते, आणि त्यातली एकही माझी नाही. याला जोडून उपप्रश्न. आपण एकदा सांगितले होते की कंपनीत चालींना नावे नसतात, वर्णने असतात. 'ग्रामीण सकाळ, मध्यम आनंद' असे एक वर्णन माझ्या लक्षात राहिले. वर्गीकरणाबद्दल वाणिज्य शाखेच्या माणसाची तक्रार नसते. टोमॅटोची प्रतवारी आम्हीही करतो. परंतु तो आनंद मध्यम आहे हे ठरवतो कोण? करताना आपणास तो तेवढाच झाला होता, की नंतर कोणी कमी केला? आणि शेतकऱ्याच्या सकाळसाठी केलेली चाल बिबट्याच्या पाठीवर बसून गावात शिरली, तर तिला आपण आपली म्हणायचे की त्याची?

दुसरा प्रश्न मांडण्याआधी थोडी पार्श्वभूमी द्यावी लागेल, आपणास नव्हे तर दप्तरास. आपली गायन पार्टी चौदा एप्रिलच्या आसपास रोज वेगळ्या गावात असे. पेटीवर आपण, ढोलकीवर ज्याची सवड असेल तो, आणि कोरसमध्ये मी. माझा आवाज चांगला नव्हता, परंतु तो वेळेवर होता. आपण कडवे संपवताना पेटीवरचा उजवा हात उचलत असा, सूर नुसता भात्यावर तरंगत ठेवत असा, आणि त्या रिकाम्या जागेत मी ध्रुवपद उचलत असे. आपण मागे वळून कधी पाहिले नाही. मी तेथे आहे हे आपणास ठाऊक असे. त्यानंतर आपण मुंबईला गेलात, पार्टी मोडली, आणि मला आजतागायत इतक्या खात्रीने कोणी कोठे गृहीत धरलेले नाही. बिबट्याच्या गाडीवरची पेटी मी ओळखली ती सुरावरून नव्हे (सुरातले मला कळत नाही), तर त्या रिकाम्या जागेवरून. कडवे संपते, हात उचलला जातो, आणि कोणीतरी यावे म्हणून जागा उघडी राहते. आता आपणच एकदा म्हणाला होतात की या धंद्यात बोलणाऱ्यासाठी जागा सोडावी लागते, भरगच्च केलेली चाल कोणी उचलत नाही. ते मला मान्य आहे. म्हणून प्रश्न असा: ती जागा आपण धंद्याच्या नियमाने सोडता, की जुन्या सवयीने? आणि सवयीने सोडत असाल, तर सोडताना तेथे कोण यावे असे आपल्या मनात असते?

या प्रश्नाचे उत्तर मंचावर देणे अवघड वाटल्यास खाली उतरल्यावर दिले तरी चालेल.

बैठकीचा दिवस आला. गाडीचा पुरावा हातचा गेला होता. परंतु माझ्याकडे दुसरा होता. संस्थेचे खाते ज्या बँकेत आहे (नाव लिहीत नाही) तिच्या ग्राहक सेवेच्या क्रमांकावर मी आयुष्याचा मोठा भाग थांबून काढला आहे, आणि थांबलेल्या माणसाला तेथे जे ऐकवतात ते आपलेच आहे. तीच पेटी, तीच उघडी जागा. यात मला शंका नव्हती. विहारात सर्व सदस्य गोल बसले, यशोधरा काकूंना हाताला धरून घेऊन आली, मी मोबाईल मध्यभागी ठेवून आवाज मोठा केला आणि क्रमांक लावला. दादा, त्या बँकेच्या इतिहासात प्रथमच फोन ताबडतोब उचलला गेला. एका मुलीने अत्यंत नम्रपणे विचारले की ती माझी काय सेवा करू शकते. मी गोंधळून फोन बंद केला. पुन्हा लावला. पुन्हा लगेच उचलला. नानासाहेब म्हणाले, "घाई कर की काय तरी, ती बी बिचारी वाट बघती." तिसऱ्यांदा तीच मुलगी आली आणि तिने विचारले, "सर, तुम्हाला नेमकी काय अडचण आहे?"

अडचण ही होती की अडचण नव्हती. मी शब्द जुळवत होतो, तोवर नानासाहेब मोबाईलवर वाकून म्हणाले, "ताई, आमाला काय बी नको. आमाला जरा थांबवून ठिवा."

"का थांबवू, सर?"

तेव्हा मी तिला रीतसर सांगितले की आपल्याकडे थांबलेल्या ग्राहकास जे संगीत ऐकवले जाते ते आमच्या घरच्या माणसाने केलेले आहे, त्यांच्या मातोश्री येथे बसल्या आहेत, आणि ते आम्हास ऐकायचे आहे. पलीकडचा कळफलकाचा टकटकाट थांबला. मला वाटले फोन गेला. मग ती मुलगी वेगळ्याच, घरगुती आवाजात म्हणाली, "सर, ते आम्हाला ऐकू येत नाही. तुम्हाला थांबवलं की ते फक्त तुमच्याकडं वाजतं. मी इथं लागल्यापासून कधीच ऐकलेलं नाही." आणि तिने आम्हास थांबवून ठेवले.

पेटी सुरू झाली. विहारात पंखा होता तो कोणीतरी बंद केला. काकू पुढे सरकल्या आणि मोबाईलकडे असे पाहू लागल्या की जणू त्यातून कोणी बाहेर येणार आहे. कडवे संपत आले, आपला हात उचलला गेला, सूर तरंगत राहिला, ती जागा उघडली, आणि (हे मी दप्तरासाठी नव्हे, आपणासाठी लिहितो, प्रतीतून हे वाक्य वगळले जाईल) समितीच्या सर्व सदस्यांदेखत मी ध्रुवपद उचलले. चुकून नव्हे. मला बोलावल्यासारखे झाले. त्याच क्षणी बँकेची ध्वनिमुद्रित बाई त्याच जागेत शिरली आणि आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे असे सांगू लागली. आम्ही दोघे काही काळ एकत्र चाललो. मग काकू म्हणाल्या, "ह्या बाईला म्हनावं जरा गप बस. माजं पोरगं वाजिवतंय." आणि माझ्याकडे वळून, "आन् भूषा, तू बी."

मी गप्प बसलो. बाई बसली नाही.

त्या मुलीने परत येऊन विचारले, "ऐकलं का आजींनी?" काकूंनी तिला लेकाचे म्हणून आपले संपूर्ण नाव सांगितले, ती चहा पिते का तेही विचारले, आणि पुन्हा एकदा थांबवायला सांगितले. तिने थांबवले. दुसऱ्या वेळी कोणीही मोबाईलकडे पाहत नव्हते. सगळे जमिनीकडे पाहत होते. फोन संपल्यावर नानासाहेब चष्मा पुसत म्हणाले, "हे मी लई येळा ऐकलंय की. दर येळी शिव्या देत ऐकलंय." मग म्हणाले, "राजा येनार असंल तर बघू. आदी त्येचा व्हकार आन." येथे पुरावा सिद्ध झाला असे मी मानतो. त्या होकारासाठी हे पत्र.

आपण येण्याचे कळवल्यास मी फाट्यावर स्कूटर घेऊन उभा राहीन. उत्तरे पाठ करून येण्याची गरज नाही. वहिनींना जयभीम, मुलांना शुभेच्छा, आणि आपल्या पाठीला शक्य तितकी विश्रांती.

आपला नम्र,
बु. भि. वाव्हळ

ता.क. १: पाकीट बंद करण्यापूर्वी नानासाहेब येऊन गेले. नटाचा होकार आला. पत्रिका छापायलाही गेली. "तुजा भाऊ लई मोठा हाय, मला आता कळलंय," ते उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, "पर लोकास्नी बघायला तोंड लागतं, भूषा. राजाला फुडल्या साली घिऊ." मी त्यांना दोष देत नाही, चहाही दिला. सबब वरील पत्रातील मंच, मुलाखत आणि विनंती या तिन्ही बाबी रद्द समजाव्यात. नियमाप्रमाणे हे पत्र फाडायला हवे होते. एवढे मोठे पत्र पुन्हा लिहून होणार नाही म्हणून पाठवतो, असे मी यशोधरेस सांगितले. ती म्हणाली, "बरं."

ता.क. २: दादा, तुला गावी यायला कारण लागते. नुसते ये म्हटले की तू येतो म्हणतोस, आणि येत नाहीस. म्हणून मी इतक्या खटपटी करून एक कारण तयार केले होते. ते आता राहिले नाही, आणि दुसरे माझ्याजवळ नाही.

कार्यक्रम गेला हे काकूंना मीच सांगितले. वाईट वाटेल म्हणून जरा आडवळणाने सांगत होतो. त्या लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, "बरं झालं. स्टेजवर बसला असता तर मला लांबूनच बघावा लागला असता. आता घरी यील." तू येणार हे त्यांनी धरूनच टाकले आहे. माझ्यासमोर कोणी चुकीचे बोलले तर मी ते दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही, हे तुला माहीत आहे. या वेळी माझ्याने होत नाही.

तू ये.

बुद्धभूषण भिमाजी वाव्हळ
पिंपळवंडी, ता. जुन्नर, जि. पुणे
दि. २१ सप्टेंबर २०२५